टबाखालचें लांकूड

इतिहास लिहिणाऱ्यांचा एक जुना स्वभाव असा आहे कीं, जें वर दिसतें त्याचाच वृत्तांत ते देतात. देवळाच्या शिखराचें वर्णन पानोपानीं सांपडतें. पायांत किती दगड गडप झाला याची नोंद क्वचितच आढळते. लढायांचे सन पाठ असतात. त्या लढायांना दाणागोटा पोंचविणाऱ्या बैलांची व हमालांची आठवण कोणास होत नाहीं. घरगुती वस्तूंच्या इतिहासांतहि हाच प्रकार चालतो. पाश्चात्त्यांच्या स्नानगृहाचा इतिहास सांगणारीं पुस्तकें थोडीं नाहींत. टबाचा घाट, त्याचा धातु, त्यावरील मुलामा, नळ आणि तोट्या यांचें वर्णन त्यांत मोठें रसभरित असतें. परंतु हा टब उभा कशावर होता, असा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. प्रस्तुत लेखांत तोच विचारावयाचा आहे. प्रश्न क्षुल्लक खरा. पण त्याच्या मागोमाग गेलें असतां आधार देणाऱ्या वस्तूंशीं व माणसांशीं समाज कसा वागतो, याचा एक लहानसा पण बोलका इतिहास हातीं लागतो.

प्रथम वजनाचा हिशोब पाहूं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन; इंग्रजी मापानें एक गॅलन पाणी दहा पौंड भरतें. आज बाजारांत मिळणारा सामान्य टब साडेपांच फूट लांब व सवादोन फूट रुंद असतो. त्यांत दोनशें लिटर पाणी सहज मावतें. टबाचें स्वतःचें वजन आणि आंत बसणारा मनुष्य मिळून आणखी शंभर किलो धरले, तर एकंदर भार तीनशें किलोंवर जातो. म्हणजे घराच्या एका कोपऱ्यांत क्विंटलाचीं तीन पोतीं एकावर एक रचून ठेवण्यासारखेंच हें आहे. आणि हीं पोतीं स्थिर राहणारीं नव्हेत, रोज चढणारीं व रोज उतरणारीं.

आपल्या पूर्वजांना हा हिशोब करण्याची पाळी आली नाहीं, कारण आपली पद्धत निराळी. बंबांतलें ऊन पाणी घंगाळांत काढावें, तांब्यानें अंगावर घ्यावें आणि मोरीवाटे वाहून जाऊं द्यावें. वाहतें पाणी ओझें होत नाहीं. म्हणून आपल्या न्हाणींत लांकूड असलेंच तर तें पाण्याखालीं नसून माणसाखालीं असतें. नरकचतुर्दशीच्या पहांटे मांडलेला पाट किंवा चौरंग हें त्याचें उदाहरण. पाणी सांठवून त्यांत बसावयाचें, असें एकदां ठरविलें म्हणजे मात्र आधाराचा प्रश्न उभा राहतो, आणि तो पाश्चात्त्यांच्या घरांत फार पूर्वींपासून उभा आहे.

या ओझ्यासंबंधींची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट आर्किमिडीजची. ती आपणांस विट्रुव्हियस या रोमन वास्तुशास्त्रज्ञाच्या, इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकांतील ग्रंथामुळें कळली. राजाच्या मुकुटांत सोन्यांत हीण मिसळलें आहे कीं काय हें शोधून काढण्याच्या विवंचनेंत असलेला आर्किमिडीज स्नानाच्या टबांत उतरला. जितकें अंग आंत गेलें तितकें पाणी बाहेर सांडलें. आणि तो आनंदानें ओरडत घराकडे धांवत सुटला. लोकांच्या लक्षांत त्याचें धांवणें राहिलें. आपण क्षणभर त्याच्या मागें राहिलेल्या टबाकडे पाहूं. टब आधींच कांठोकांठ भरलेला असेल, तर मनुष्य आंत शिरतांच जवळजवळ त्याच्याच वजनाचें पाणी बाहेर जातें, आणि टबाच्या आधारावरील भार होता तितकाच राहतो. पण टब अर्धा भरलेला असेल, तर पाणी सांडत नाहीं; माणसाचें सगळें वजन पाण्याच्या वजनांत मिळवावें लागतें. सारांश, टबाखालीं चौकट बांधणाऱ्यानें हिशोब भरल्या टबाचाच केला पाहिजे. शास्त्रज्ञास जें तत्त्व मुकुटासाठीं हवें होतें, तेंच सुतारास चौकटीसाठीं हवें असतें.

आर्किमिडीजच्याहि आधीं सुमारें एक हजार वर्षें ग्रीस देशांतील पायलॉस येथें एक राजवाडा होता. नेस्टरचा राजवाडा या नांवानें तो आज ओळखला जातो. अमेरिकन पुरातत्त्वज्ञ कार्ल ब्लेगन यांस तो १९३९ मध्यें सांपडला, आणि महायुद्धामुळें थांबलेलें उत्खनन १९५२ पासून पुन्हां सुरू झालें. इसवी सनापूर्वीं सुमारें १२०० च्या आसपास आगींत नष्ट झालेल्या या वाड्यांत भाजलेल्या मातीचा एक टब मूळच्या जागीं आढळला. होमरच्या ‘ओडिसी’ महाकाव्यांत नेस्टरची धाकटी कन्या पाहुण्या टेलेमाकसास स्नान घालते असा प्रसंग आहे. त्यामुळें हा टब पाहणाऱ्यांस त्या काव्याची आठवण हटकून होते. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट ही कीं, तो टब नुसता जमिनीवर ठेवलेला नाहीं. मातीचा गिलावा केलेल्या एका ओट्यांत तो बसविलेला आहे, आणि आंत उतरण्यासाठीं पुढें एक पायरी आहे. भाजलेली माती दाब सोसते, पण ताण सोसत नाहीं. पोटाखालीं पोकळी राहिली तर ती तडकते. ज्या कुंभारानें व गवंड्यानें हें काम केलें त्यांनीं हें ओळखलें होतें. घर जळालें, राजघराणें बुडालें, आणि तरी टब आपल्या जागीं राहिला, याचें बरेंचसें श्रेय त्या ओट्यास दिलें पाहिजे.

मध्ययुगीन युरोपांत टब लांकडाचाच होऊं लागला. तेव्हां भांडें आणि आधार हे दोन राहिले नाहींत; एकच झाले. हें काम पिंपें बनविणाऱ्या कारागिराचें. उभ्या फळ्या कडांना तिरप्या तासून वर्तुळाकार लावावयाच्या आणि बाहेरून पट्टे आवळावयाचे, एवढीच त्याची युक्ति. पाणी भरलें म्हणजे लांकूड फुगतें, फळ्या एकमेकींस अधिकच घट्ट भिडतात, आणि बाहेर ढकलणाऱ्या पाण्याचा जोर पट्टे पेलतात. असा टब गळूं लागतो तो वापरल्यामुळें नव्हे. फार दिवस कोरडा ठेवल्यामुळें. कुसळ अंगांत शिरूं नये म्हणून आंतून तागाचें कापड अंथरीत. जर्मनींत हायडलबर्ग येथील विद्यापीठाच्या ग्रंथसंग्रहांत चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धांतील, झुरिचकडे तयार झालेली एक सचित्र काव्यपोथी आहे. तिच्यांत याकोब फॉन वार्ते या सरदार-कवीचें चित्र आहे. कवि लांकडी टबांत बसला आहे, सभोंवतीं स्त्रिया त्याची सेवा करीत आहेत, आणि चित्राच्या खालच्या भागांत एक दासी विस्तव फुंकीत पाणी तापवीत आहे. त्या चित्रकाराचें आम्हांस कौतुक वाटतें तें एवढ्यासाठीं कीं, पाण्यांत बसलेल्या माणसाबरोबर पाणी तापविणाऱ्या स्त्रीलाहि त्यानें चित्रांत जागा दिली. पुढील काळांतील चित्रकारांनीं व इतिहासकारांनीं ती तितक्या उदारपणें दिलेली नाहीं.

धातूचा टब आला तेव्हां भांडें आणि आधार पुन्हां वेगळे झाले. फ्रेंच राज्यक्रांतींतील मारा याचा खून १३ जुलै १७९३ रोजीं त्याच्या टबांतच झाला. त्वचारोगाच्या दाहामुळें तो तासन्‌तास पाण्यांत बसून काम करीत असे. दाव्हिद या चित्रकारानें त्याच वर्षीं काढलेलें चित्र जगप्रसिद्ध आहे. त्यांत टबावर आडवी फळी टाकून तिचें मेज केलेलें आहे, आणि शेजारीं एक साधा लांकडी खोका उभा आहे. पाहणाऱ्याची दृष्टि जखमेवर आणि हातांतील कागदावर खिळते, तें योग्यच होय. पण त्या फळीशिवाय मारा यास लिहितां आलें नसतें, आणि त्या ओबडधोबड खोक्याशिवाय चित्रकारास त्याचें दारिद्र्य दाखवितां आलें नसतें. मारा याचा म्हणून पॅरिस येथें जपलेला टब बुटाच्या आकाराचा व तांब्याचा आहे.

तांब्याच्या पत्र्यांत एक अडचण असते. तो महाग, म्हणून पातळ वापरावा लागतो. आणि पातळ पत्रा पाण्याच्या भाराखालीं फुगतो व वांकतो. शिशाचा पत्रा तर त्याहूनहि मऊ. एकोणिसाव्या शतकांतील इंग्लंडांत श्रीमंतांच्या घरीं कायमचे टब बसूं लागले, तेव्हां या अडचणीवर तोड म्हणून लांकडाची भक्कम पेटी करून तिच्या आंत पत्रा बसविण्याची चाल पडली. पेटीचें बाहेरचें अंग महोगनीचें, चौकटीदार व चकचकीत. आंतील सांगाडा साध्या लांकडाचा. पाहणारास तें एक भारी कपाट वाटावें अशीच योजना असे. भार सगळा लांकूड घेई. नांव मात्र तांब्याचें होई.

पण ही श्रीमंती मोजक्या घरांतली. बाकीच्या सुखवस्तु घरांतून शतकाच्या अखेरपर्यंत पत्र्याचा सुटा टब शेजघरांत शेगडीपुढें मांडीत, आणि मोलकरणी तळघरांतील स्वयंपाकघरांतून ऊन पाण्याचे डबे घेऊन तीन तीन जिने चढत. तीन गॅलनांचा एक डबा म्हणजे डब्याचें वजन सोडून तीस पौंड. असे पांचसहा डबे वर न्यावयाचे, आणि स्नान उरकल्यावर तेंच पाणी, साबणाच्या फेंसासह, पुन्हां खालीं आणावयाचें. आपल्या देशांतील साहेबांच्या बंगल्यांत हेंच काम भिस्ती आपल्या पखालीनें करी. तेव्हां त्या टबाचा खरा आधार कोणता, असें कोणी विचारलें, तर जिन्यावरून चढउतार करणारे ते पाय, असेंच उत्तर द्यावें लागेल. १८६८ मध्यें बेंजामिन मॉन या लंडनच्या गृहस्थानें नळाचें पाणी वायूच्या ज्योतीनें तत्काळ तापविणारें यंत्र काढलें आणि आइसलंडांतील उष्ण फवाऱ्याच्या नांवावरून त्याला ‘गीझर’ म्हटलें. तोच शब्द आज आपल्या घराघरांतून ‘गिझर’ म्हणून नांदत आहे. ज्या डब्यांची त्यानें सुटका केली ते डबे व ते वाहणारे हात मात्र शब्दांतून पार पुसले गेले.

महोगनीच्या पेटीचें वैभव फार दिवस टिकलें नाहीं. पेटी बंद, तिच्या आंत अंधार, आणि वरून थेंब थेंब पाणी. लांकूड कुजावयास याहून सोयीची जागा कोणती? १८७१ सालीं युवराज एडवर्ड विषमज्वरानें मरणाच्या दारीं जाऊन परत आला. त्या दुखण्याचा संबंध लोकांनीं गटारांशीं जोडला, आणि घरांतील मोऱ्या व नळ यांविषयीं इंग्लंडांत मोठी धास्ती पसरली. पुढें पाश्चर आणि कॉख यांच्या संशोधनानें रोगजंतूंचें ज्ञान झाल्यावर झाकलेली प्रत्येक जागा संशयास्पद ठरली. आरोग्यतज्ज्ञ सांगूं लागले कीं, पेटी काढून टाका. टबाखालीं झाडू व उजेड दोन्ही पोंचले पाहिजेत. एके काळीं जी पेटी प्रतिष्ठेचें लक्षण होती, ती पंचवीस वर्षांत घाणीचें घर ठरली. दोष लांकडाचा नव्हता. लांकडाला वारा न देणाऱ्या दिखाऊपणाचा होता. पण शिक्षा लांकडास झाली.

त्याची जागा ओतीव लोखंडानें घेतली. ऑस्ट्रियांतून अमेरिकेंत आलेल्या जॉन मायकेल कोहलर यानें १८८३ मध्यें विस्कॉन्सिन प्रांतांतील आपल्या कारखान्यांत जनावरांना पाणी पाजण्याच्या लोखंडी डोणीस पांढरा मुलामा चढविला, आणि चार पाय लावले असतां हिचा स्नानाचा टब होऊं शकेल, असें आपल्या सूचिपत्रांत जाहीर केलें. लोखंड ताठ, त्याला पेटीची गरज नाहीं. वाघसिंहांच्या पंजांसारखे नक्षीदार पाय लावलेले टब सर्वत्र दिसूं लागले. आधार प्रथमच उघड झाला, इतकेंच नव्हे, तर शोभेची वस्तु झाला. परंतु एका प्रश्नाचें उत्तर मिळालें कीं दुसरा उभा राहतो. टबच शंभर किलोंच्या वर. पाणी आणि मनुष्य मिळून हा भार पावणेचारशें-चारशें किलोंवर जाई. पेटी तो भार सगळ्या बुडाखालीं पसरून टाकी; पंजे तो चार ठिपक्यांवर एकवटीत. म्हणजे एकेका पंजाखालीं एक मनुष्य आणि वर त्याचें लहान मूल उभें असावें इतका भार. खालची जमीन लांकडी तुळयांची असेल, तर ते चार ठिपके तुळयांवर येतात कीं दोन तुळयांमधल्या फळीवर, यावर घराचें स्वास्थ्य अवलंबून राही. लांकूड टबाखालून निघालें खरें, पण घराच्या जमिनींत तें भार वाहतच होतें, फक्त दृष्टीआड.

तापलेल्या लोखंडाशीं लांकडाचा संबंध कसा येतो याचें एक मजेदार उदाहरण जपानांत आहे. तेथें ‘गोएमॉनबुरो’ नांवाचा एक जुना स्नानप्रकार आहे. इशिकावा गोएमॉन या प्रसिद्ध दरोडेखोरास १५९४ मध्यें कढईंत उकळून मारलें, त्याच्यावरून हें नांव पडलें. लोखंडी कढई, तिच्याखालीं प्रत्यक्ष विस्तव, आणि पाण्यावर तरंगणारी एक लांकडी फळी. स्नान करणारानें त्या फळीवर पाय देऊन ती बुडापर्यंत दाबावयाची, म्हणजे पाय भाजत नाहींत. जिप्पेन्शा इक्कू या विनोदी लेखकानें १८०२ पासून प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासकथेंत दोन यात्रेकरूंची फजिती वर्णिली आहे. त्यांना ती फळी म्हणजे कढईवरचें झांकण वाटतें! तें काढून ठेवून आंत पाऊल टाकतांच पाय पोळतात. शेवटीं ते लांकडी खडावा घालून आंत शिरतात, आणि त्यांच्या दणक्यानें कढईचें बूड फुटतें. आधाराला झांकण समजण्याची ही चूक हास्यास्पद खरी. पण शहाण्या लोकांकडूनहि ती होत नाहीं असें नाहीं. टबाच्या इतिहासांत तर आधार पाहून लोकांनीं एका शुद्ध थापेला सत्य मानलें, अशीहि एक गोष्ट घडून गेली आहे.

ती गोष्ट अशी. २८ डिसेंबर १९१७ रोजीं न्यूयॉर्कच्या एका सायंदैनिकांत एच. एल. मेन्केन या पत्रकारानें अमेरिकेंतील स्नानटबाच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसाची आठवण करून देणारा लेख लिहिला. २० डिसेंबर १८४२ रोजीं सिनसिनाटी शहरांतील ॲडम टॉम्प्सन नांवाच्या व्यापाऱ्यानें अमेरिकेंतील पहिला टब आपल्या घरीं बसविला. डॉक्टरांनीं त्याविरुद्ध ओरड केली. कांहीं शहरांत त्यावर बंदी आणण्याचे प्रयत्न झाले. शेवटीं अध्यक्ष फिलमोर यांनीं तो आपल्या निवासस्थानीं बसविल्यावर विरोध मावळला, असा तो वृत्तांत होता. त्यांत सत्याचा अंशहि नव्हता. महायुद्धाच्या काळोख्या दिवसांत थोडी गंमत करावी या हेतूनें मेन्केननें तो सगळा रचला होता. परंतु लोकांनीं तो खरा मानला. वर्तमानपत्रांनीं, वैद्यांनीं, संदर्भग्रंथांनीं तो उचलला. २३ मे १९२६ रोजीं मेन्केननें आपण होऊन खुलासा प्रसिद्ध केला. पण बॉस्टनच्या ज्या पत्रानें तो खुलासा छापला, त्याच पत्रानें कांहीं आठवड्यांतच मूळची थाप पुन्हां बातमी म्हणून छापली!

लोक फसले कां? मेन्केनचा लेख काळजीपूर्वक वाचला तर त्याचें उत्तर सांपडतें. टॉम्प्सनचा टब महोगनीचा होता, शहरांतील नामांकित सुतारानें तो केला होता, आंतून शिशाचा पत्रा झाळून बसविला होता, एकंदर वजन सुमारें १७५० पौंड होतें, आणि तें पेलण्यासाठीं खोलीची जमीन मुद्दाम मजबूत करावी लागली, असा तपशील त्यानें दिला आहे. थाप मारणारा सामान्य मनुष्य टबाचें वर्णन करून थांबला असता. मेन्केननें टबाखालची जमीनहि सांगितली. जो लेखक तुळयांना दिलेल्या टेकूपर्यंत माहिती देतो तो खोटें कसें बोलेल, असें वाचकांस वाटलें. महोगनीची पेटी व शिशाचा पत्रा हे प्रकार खरोखरच होऊन गेलेले असल्यामुळें तर संशयास जागाच उरली नाहीं. असत्यालाहि उभें राहण्यास सत्याची चौकट लागते, हा या प्रकरणाचा बोध आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यानें तो विसरूं नये. तपशील भरपूर आहे एवढ्यावरून पुरावा भरपूर आहे असें होत नाहीं. मेन्केनची चौकट कागदावर सुबक होती. तिला समकालीन पत्रांचा, दप्तराचा, एखाद्या बिलाचाहि आधार नव्हता. भार टाकून पाहण्याचें काम कोणी केलें नाहीं, इतकेंच.

आतां आपल्या काळाकडे येऊं. १९११ च्या सुमारास कोहलरच्याच कारखान्यानें भिंतींत बसणारा व दर्शनी बाजूस झडप असलेला एकसंध टब काढला, आणि पंजे अदृश्य झाले. त्यानंतर दाबून घडविलेल्या पोलादी पत्र्याचे टब आले. १९३० नंतरच्या दशकांत ॲक्रिलिक नांवाचें पारदर्शक कृत्रिम द्रव्य बाजारांत आलें. दुसऱ्या महायुद्धांत विमानांच्या खिडक्यांसाठीं तें वापरलें गेलें, आणि पुढें त्याचेच टब होऊं लागले. ॲक्रिलिकचा टब हलका. दोघांनीं सहज उचलावा इतका. तो हातास ऊबदार लागतो, गंजत नाहीं, आणि स्वस्त पडतो. परंतु तो लवतो. पत्र्याची जाडी निम्मी केली तर त्याचा ताठपणा निम्मा होत नाहीं, आठवा हिस्सा होतो. आणि ॲक्रिलिक मूळचेंच लवचीक. म्हणून त्याच्या पाठीवर कांचतंतूंचा थर देतात, बुडाला फळी चिकटवितात, आणि तरीहि खालीं चौकट लागतेच. अशा रीतीनें शंभर वर्षांपूर्वीं हद्दपार केलेलें लांकूड मागच्या दारानें पुन्हां टबाखालीं आलें आहे. भांडें जितकें हलकें झालें तितकी आधाराची जबाबदारी वाढली, हा या सगळ्या इतिहासाचा उलटा वाटणारा पण खरा निष्कर्ष आहे.

ही चौकट इंग्लंड-अमेरिकेंत पुष्कळ गृहस्थ आपल्या हातानेंच बांधतात. तिची रीति समजून घेण्यासारखी आहे, कारण वर सांगितलेला प्रत्येक धडा तिच्यांत उतरला आहे. प्रथम टब नुसता जागेवर ठेवून त्याच्या कडेची उंची भिंतीवर आंखून घेतात आणि पाणसळीनें ती रेषा सपाट आहे कीं नाहीं हें पाहतात. टबाच्या बुडाचा उतार टबांतच घडविलेला असतो. म्हणून चौकटीनें आपला उतार त्यांत मिळवूं नये. रेषेखालीं भिंतीला एक जाड पट्टी स्क्रूंनीं आवळतात. तिच्यावर टबाची कड टेकते. पण ती केवळ डोलूं नये म्हणून. भार कडेवर नव्हे, बुडावर यावयास पाहिजे. पायलॉसच्या गवंड्यास जें ठाऊक होतें तें हेंच. मग बुडाखालीं दोन लांब लांकडें व त्यांना जोडणारीं आडवीं लांकडें अशी शिडीसारखी चौकट उभ्या खांबांवर बसवितात. लांकूड आडवें निजवावयाचें नाहीं, उभ्या कडेवर ठेवावयाचें. कारण उंची दुप्पट झाली म्हणजे ताठपणा आठपट होतो. खांब एका बाजूस कलूं नयेत म्हणून एक तिरपी पट्टी. खांबांखालीं जमिनीवर रुंद फळ्या, म्हणजे भार ठिपक्यांवर न एकवटतां पसरेल. आणि जमीन लांकडी असल्यास त्या फळ्या तुळयांना आडव्या टाकावयाच्या, म्हणजे एकापेक्षां अधिक तुळया कामास लागतील. लांकडाला किडीचें व ओलीचें औषध लावतात, आणि बाहेरच्या झडपेस वारा खेळण्यापुरतीं भोकें ठेवतात. व्हिक्टोरियन पेटीच्या अपमृत्यूची ही आठवण.

शेवटची खूण तर मोठी मार्मिक आहे. टबाची कड आणि भिंत यांमधली फट बुजवावयाची असते. ती रिकाम्या टबाच्या वेळीं बुजवूं नये. टब आधीं पाण्यानें भरावा. भारानें तो केसभर खालीं बसतो, फट थोडी रुंदावते. त्या स्थितींत ती बुजवावी आणि लुकण वाळेपर्यंत पाणी तसेंच राहूं द्यावें. रिकाम्या टबाची फट बुजविली, तर पहिल्याच स्नानाला सांधा उकलतो, पाणी चोरपावलांनीं आंत झिरपतें, आणि वर्ष-दोन वर्षांनीं खालच्या खोलीच्या छतावर डाग उमटतो तेव्हां घरच्यांना कळतें. ज्या सांध्याला पुढें भार सोसावयाचा आहे तो भार असतांनाच जुळवावा, हें तत्त्व लांकडापुरतेंच खरें आहे असें नाहीं. सुखाच्या दिवसांत जुळलेले माणसांमाणसांमधील पुष्कळ सांधे पहिल्या ओझ्यासरशीं उकलतात, हा अनुभव प्रत्येक कुटुंबाला आहे.

चौकट पुरी झाली म्हणजे तिच्यावर झडप बसते आणि ती कायमची दृष्टीआड होते. पाहुणे टबाची तारीफ करतात. चौकटीची कोणी करीत नाहीं, आणि करूं नये अशीच तिची रचना असते. आधाराचें काम उत्तम झालें आहे याची खूणच ही कीं, तो आहे याची आठवण होऊं नये. याबद्दल खंत बाळगण्याचें कारण नाहीं. परंतु आठवण न होणें निराळें, आणि तपासावयाची सोयच न ठेवणें निराळें. जाणता सुतार नळाच्या सांध्यासमोर झडपेंत एक लहानसें सुटें दार ठेवतो. वर्षांतून एकदां तें उघडावें, दिवा आंत धरावा, लांकूड कोरडें आहे कीं नाहीं हें हातानें चांचपून पाहावें, आणि पुन्हां लावून टाकावें. महोगनीच्या पेटीला असें दार नव्हतें, म्हणून ती आंतल्या आंत कुजली. मेन्केनच्या थापेचें दार कोणी उघडून पाहिलें नाहीं, म्हणून ती इतकीं वर्षें खरी ठरली. आणि तीन जिने पाणी वाहणाऱ्या त्या मोलकरणींकडे जाणारें दार तर इतिहासानें फार उशिरां उघडलें. घर असो, समाज असो, कीं ग्रंथ असो, वरच्या चकचकीत मुलाम्याच्या जोडीला असें एक दार ठेवणें, आणि अधूनमधून तें खरोखर उघडणें, एवढें तरी आपल्या हातीं आहे.